जागतिक करार आणि खारपाण पट्ट्यातील शेततळे

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे आणि मानवाने जाळलेला कोळसा व खनिज तेल हे त्याचे मुख्य कारण आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेले नाहीत. या संकटाचा एकत्रितपणे मुकाबला करता यावा म्हणून १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक करार अस्तित्वात आला. त्यापाठोपाठ १९९७ साली क्योटो येथे व २०१५ साली पॅरिस येथे पुढील करार झाले. या करारांवर सह्या करतात ती राष्ट्रे. मग महाराष्ट्रासारख्या घटक राज्याचा आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा त्यांच्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती, जमीन आणि पाणी हे प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहेत. राष्ट्राने दिलेले वचन प्रत्यक्षात उतरवण्याचे काम म्हणूनच मोठ्या प्रमाणात राज्य शासनाकडे येते. पॅरिस करारानेही बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे कार्य स्थानिक व प्रादेशिक पातळीवरही व्हावयाचे आहे, हे मान्य केले आहे.

न्यायाचा प्रश्न

१९९२ च्या करारात एक महत्त्वाचे तत्त्व नमूद आहे. जबाबदारी सर्वांची असली, तरी ती सर्वांची सारखी नाही. ज्या देशांनी दीड-दोनशे वर्षे कारखानदारीच्या बळावर समृद्धी मिळविली, त्यांच्या धुराचा वाटा मोठा आहे. ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्यावर मात्र दुष्काळ व अतिवृष्टीचा आघात अधिक होतो. ही विषमता दूर करणे म्हणजेच हवामान न्याय होय.

बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी या विषमतेचे बोलके उदाहरण आहे. सोयाबीन, कापूस, तूर ही त्याची पिके सर्वस्वी पावसावर अवलंबून. पावसाचा खंड लांबला की पीक करपते आणि एकाच दिवसात कोसळला की मातीसह वाहून जाते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने शेती व घरांची मोठी हानी झाली. विशेष म्हणजे, एरवी हेच तालुके गोड्या पाण्यासाठी आसुसलेले असतात.

पाणी आहे, पण खारे

जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. येथील भूजलात क्षारांचे प्रमाण इतके आहे की ते पिण्यास योग्य नाही आणि शेतीला दिल्यास जमीन बिघडते. जमीन खोल, काळी, चिकण मातीची असल्याने तिच्यात पाणी सावकाश मुरते. विहीर खोदून येथील शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. आकाशातून पडणारे पाणी साठविणे हाच त्याच्यापुढील खरा मार्ग आहे.

याच गरजेतून 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प' आकारास आला. २०१८ साली जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. खर्चाचा ७० टक्के भाग कर्जातून व ३० टक्के भाग राज्य शासनाकडून, अशी त्याची रचना होती. पहिल्या टप्प्यात विदर्भ व मराठवाड्यासह राज्यातील हवामानदृष्ट्या संवेदनशील जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे निवडली गेली. पूर्णा खोऱ्यातील खारपाण गावांचा त्यांत आवर्जून समावेश करण्यात आला. आता या प्रकल्पाचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला असून बुलढाणा जिल्हा त्यातही आहे.

प्रकल्पातील कामे साधी, परंतु मर्मावर बोट ठेवणारी आहेत. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठते आणि खंडाच्या काळात एक-दोन संरक्षित पाणी देऊन पीक वाचविता येते. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते, तर पाऊस ओढ देतो तेव्हा सरीतील ओलावा पिकाच्या कामी येतो. गावाचा आराखडा ग्राम कृषी संजीवनी समिती ठरविते आणि अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते.

गाळ, रस्ता आणि सरोवर

जिल्ह्याचे आणखी एक कार्य देशभर नावाजले गेले. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणास लागणारी माती व मुरूम तलाव, नाले व नद्यांच्या पात्रांतून घेण्यात आले. रस्ता झाला आणि पाण्याची साठवणक्षमताही वाढली. 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. २०२० साली लोणार सरोवराला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तेव्हा एका जागतिक कराराचे उत्तरदायित्व प्रत्यक्ष या जिल्ह्याच्या अंगणात आले.

राज्य पातळीवर २०२० मध्ये पंचमहाभूतांवर आधारित 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेच्या वेळी प्रादेशिक शासनांच्या 'अंडर टू' या जागतिक आघाडीने महाराष्ट्राचा गौरव केला.

खरी कसोटी

गौरव आनंददायक असला, तरी न्यायाची कसोटी गावातच लागते. अनुदान काम झाल्यावर मिळते, आरंभीचा खर्च शेतकऱ्यालाच करावा लागतो. ज्याच्या हाती दोन एकर जमीन आहे आणि गाठीला पैसा नाही, त्याच्यापर्यंत शेततळे कसे पोहोचेल, याकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे. अत्यल्पभूधारक, महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना प्राधान्य देण्याचे धोरण आहेच. ते प्रत्येक गावी अमलात यावे, यासाठी ग्रामसभेने दक्ष राहिले पाहिजे. श्रीमंत राष्ट्रांकडे आपण जो न्याय मागतो, तोच आपल्या शिवारातील शेवटच्या शेतकऱ्याला मिळाला, तर त्या मागणीला नैतिक बळ येईल.