मुक्त सॉफ्टवेअरची जडणघडण (९) : डॉक्स कुठे ठेवायचे?

नव्या प्रकल्पात डॉक्युमेंटेशनचा विषय निघाला की गाडी लगेच दिसण्यावर येते. थीम कोणती, सर्च कुठे, डार्क मोड आहे का. माझ्या मते पहिला प्रश्न हा हवा : कोड बदलणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये डॉक्सही बदलता येतात का?

गिटहबच्या विकीवर ते जमत नाही. विकीची रिपॉझिटरी कोडपासून वेगळी असते आणि तिथे पुल रिक्वेस्टची सोय नाही. फंक्शनचे नाव बदलते, रिव्ह्यू होतो, कोड मर्ज होतो; विकीवर जुनेच नाव राहते. नवखा माणूस तेच कॉपी करतो, एरर येते. आपलेच काही चुकले असेल, असे समजून तो गुपचूप निघून जातो. अशा माणसाची तक्रारसुद्धा आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच लागते.

पण डॉक्स कोडशेजारी असले म्हणजे काम झाले असेही नाही. पायथनचे डॉक्स सुरुवातीपासून लाटेकमध्ये लिहिलेले होते आणि त्यांचे एचटीएमएल करणे हा किचकट खटाटोप होता. एखादे वाक्य सुधारावेसे वाटले तरी लाटेक न येणारा तिथेच थबके. गेओर्ग ब्रांडल यांनी हा सगळा पसारा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या पद्धतीत आणला आणि त्यासाठी स्फिंक्स हे साधन लिहिले. २००८ साली आलेल्या पायथन २.६ चे डॉक्स त्यावरच तयार झाले.

त्यातली एक बारीक सोय मला फार मोलाची वाटते. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये ‘प्रॉड’ नावाचे फंक्शन आहे. यादीतल्या संख्यांचा गुणाकार करून देते. त्याच्या वर्णनाखाली मूळ फाइलमध्ये ‘व्हर्जनअ‍ॅडेड’ आणि पुढे ३.८ एवढीच ओळ असते. वाचकाला पानावर दिसते की हे ३.८ पासून आले. ज्याच्या मशीनवर ३.७ आहे, त्याचे डोके खाजवणे तिथेच थांबते. विकीवरही हे हाताने लिहिता येईल, पण जो फंक्शन लिहितो त्यानेच त्याच बैठकीत ही ओळ लिहावी आणि रिव्ह्यू करणाऱ्याने ती नसेल तर मागावी, ही शिस्त तिथे लागत नाही.

होस्टिंगचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०१० साली सुरू झालेले रीड द डॉक्स मुक्त प्रकल्पांचे डॉक्स फुकट ठेवते, कोड पुश झाला की पाने आपोआप नव्याने बांधते आणि जुन्या आवृत्त्यांची पाने जपते. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या कार्यालयांना याचा फार आधार असतो.

प्रकल्प छोटा असेल, दहा-बारा पाने मार्कडाउनमध्ये लिहायची असतील, तर एमकेडॉक्स पुरे. उगाच स्फिंक्सच्या वाटेला जाऊ नये. लायब्ररी मोठी असेल किंवा पुढे डॉक्सचा अनुवाद करायचा मनात असेल, तर मात्र स्फिंक्सच घ्यावे. ते मजकुराचे तुकडे करून अनुवादासाठी पीओ फाइली काढून देते. पायथनचे जपानी, फ्रेंच आणि कोरियन डॉक्स याच वाटेने झाले. मराठी डॉक्ससाठीही हीच वाट खुली आहे. ती पीओ फाइल आतून कशी असते, हे पुढच्या आठवड्यात उघडून पाहू.