उशालगतचे मेज

रात्री तहान लागते, चष्मा सापडत नाही, दिव्याचे बटण दूर असते. अर्धवट झोपेत उठलेल्या वृद्धाचा तोल जाण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. पाणी, चष्मा, औषध आणि दिवा हाताशी ठेवणारे छोटे लाकडी मेज यासाठीच उशालगत हवे. सुतारकामाचा श्रीगणेशा करणाऱ्यालाही ते सवडीने बनवता येते.

मापाचा आरंभ झोपणाऱ्यापासून करावा. त्या व्यक्तीस पलंगावर निजवून तिचा हात सहज कोठवर पोहोचतो, ते पाहावे. मेजाचा माथा गादीच्या पातळीत किंवा चार-पाच सेंटिमीटर वर असावा. माथ्यासाठी 40 सेंटिमीटर लांब व 35 सेंटिमीटर रुंद फळी पुरते. उठताना माणूस मेजाचा आधार घेतोच. म्हणून पाय माथ्याच्या कोपऱ्यांलगत असावेत, आत सरकवू नयेत.

पहिल्या प्रयत्नात खण करू नये. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि घट्ट बसवलेला खण अडकतो. त्याऐवजी मध्ये उघडा कप्पा ठेवावा. सांगाडा जोडताना गुण्याने काटकोन तपासावा, मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही अंतरे मोजावीत. ती सारखी भरली, तरच चौकट सरळ आहे असे समजावे. सरस लावल्यावर शिकंजा आवळून सांधे रात्रभर सुकू द्यावेत.

घासकामासाठी 80, 120 व 220 क्रमांकाचे कागद याच क्रमाने, लाकडाच्या रेषांना धरून वापरावेत. कडा व कोपरे गोलसर करावेत. मात्र या वेळी उडणारी भुकटी क्षुल्लक मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसास कर्करोगकारक ठरलेल्या घटकांत केली आहे. एन-95 मुखपट्टी बांधून मोकळ्या हवेत काम करावे, मुलांना व दमेकऱ्यांना दूर ठेवावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी.

शेवटी जवसाचे तेल चोळल्यास लाकूड खुलते. तेलकट फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

मेज जागेवर ठेवल्यावर ज्याच्यासाठी ते घडवले, त्याला दिवा मालवून हात लांबवू द्यावा. पेला न कलंडता हाती आला, म्हणजे काम साधले.