३७२ कोटींचं धरण आणि ‘अपुऱ्या तरतुदी’

बोलताना आकडे पटापट निसटून जातात, म्हणून आजचा भाग नीट लिहून काढलाय. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर बसमध्ये स्क्रोल करत वाचा.

सुरुवात मामाजींच्या फोनपासून. मामाजी लाखांदूर तालुक्यात धान पिकवतात. एका प्रोजेक्टची डेडलाइन चुकली म्हणून मी रात्री अकरा वाजता ऑफिसातून रडगाणं गात होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, “उशीर झाला तं तुले शिव्या कोन देते?” म्हटलं, क्लायंट. “मंग आमच्या नहराचा क्लायंट कोन हाये बापू?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी गोसीखुर्दची फाइल वाचतोय. फाइल म्हणजे सरकारी कागदांचे पीडीएफ, बहुतेक वाकडे स्कॅन केलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या शेजारच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. कागदावरचं नाव इंदिरा सागर, दारं ३३. उजवा कालवा साधारण शंभर किलोमीटरचा, तो चंद्रपूरकडे जातो. डावा जेमतेम २३ किलोमीटरचा, तो आमच्या बाजूचा. भंडारा, चंद्रपूर आणि नागपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं, असं ठरलं होतं.

१९८३ मध्ये या प्रकल्पाला मान्यता मिळाली. खर्च ३७२ कोटी २२ लाख. तो २२ लाखांचा भाग मला फार आवडतो. म्हणजे कुणीतरी बसून अगदी नीट हिशेब केला असणार ना! पुढे २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मान्यतेपासून कुदळीपर्यंत पाच वर्षं.

२०१२-१३ च्या दरांनी तोच खर्च १८,४९४ कोटी झाला. जवळपास पन्नास पट. आता तो २५ हजार कोटींच्याही पलीकडे गेलाय.

आता तुम्ही म्हणाल, महागाई आहे की भाऊ, तेव्हा चहा चार आण्याला मिळायचा. बरोबर आहे, म्हणून हिशेब करून पाहिला. मूळ अंदाज १९८१-८२ च्या दरांचा. दरवर्षी ८ टक्के महागाई धरली तर ३१ वर्षांत रक्कम अकरापट होते, म्हणजे साधारण ४,०५० कोटी. मग उरलेले चौदा हजार कोटी कुठून आले?

इथे सरकारी मराठीतला माझा आवडता शब्द येतो: ‘सुप्रमा’. सुधारित प्रशासकीय मान्यता. आमच्याकडे व्हर्जन दोन, तीन, चार निघतात, तसं धरणाचं निघतं. खर्च मंजुरीच्या बाहेर गेला की नवा प्रस्ताव जातो, त्यावर टिप्पणी होते आणि शासन निर्णय निघतो. या निर्णयाबरोबर बहुतेक वेळा एक तक्ता असतो, वाढ का झाली ते सांगणारा. दरसूचीत बदल, भूसंपादनाचा वाढलेला खर्च, संकल्पचित्रातील बदल, जादा दराची निविदा, आनुषंगिक खर्च. आणि या सगळ्यांत एक हिरा: ‘अपुऱ्या तरतुदी’.

नीट वाचा. खर्च का वाढला? तर आधीच्या अंदाजात पैसे कमी धरले होते म्हणून. मी माझ्या मॅनेजरला सांगितलं, “बग का आला, तर कोड नीट लिहिला नव्हता म्हणून”, तर तो मला त्याच मीटिंगमध्ये घरी पाठवेल. इथे त्यावर सही होते.

पण हसून सोडू नका, कारण सगळी गंमत याच ओळीत आहे. कुठलाही प्रकल्प मंजूर व्हायचा तर लाभव्यय गुणोत्तर बसावं लागतं, म्हणजे खर्चापेक्षा फायदा पुरेसा जास्त दिसला पाहिजे. मग पहिला अंदाज कमी ठेवायचा मोह कुणाला होणार नाही? तो मोठा दाखवला तर प्रकल्पच मारला जातो. लहान दाखवला तर प्रकल्प सुरू होतो, आणि सुरू झाल्यावर थांबवणार कोण? गावं उठवलेली असतात, भिंत अर्धी चढलेली असते. मग प्रत्येक सुप्रमाला एकच उत्तर मिळतं: आता इतका पैसा लागलाच आहे, तर पूर्ण करू. खरं सांगायचं तर त्या क्षणी ते उत्तर चुकीचंही नसतं. म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे.

त्यात २००९ मध्ये गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय प्रकल्पाला तेव्हा ९० टक्के अनुदान केंद्राचं. दुसऱ्याच्या कार्डवर जेवायला गेलो की आपण मेनूची उजवी बाजू वाचतो का?

त्याच २००९ सालात विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. वीस हजार कोटींची वाढ! आमच्याकडे बटणाचा रंग बदलायला तीन मीटिंगा लागतात. कामाच्या पातळीवरही पळवाटा ठरलेल्या. निविदेत नसलेलं काम निघालं तर त्याचा दर वेगळा मंजूर करून घेता येतो. त्याला ईआयआरएल म्हणतात. ठरलेल्या परिमाणापेक्षा बरंच जास्त काम झालं तर ‘क्लॉज ३८’ लावून नव्या दराने पैसे. दोन्ही तरतुदी कायदेशीर आहेत, आणि खरोखर गरज पडते तेव्हा हव्याच. जमिनीखाली खडक निघाला तर ठेकेदार काय करणार? पण सगळीकडेच खडक निघायला लागला की शंका येते.

आता आमचा डावा कालवा. त्याचं अस्तरीकरण, म्हणजे आतलं काँक्रीट, निकृष्ट निघालं. चौकशीसाठी मेंढेगिरी समिती बसली, काँक्रीट उखडायची वेळ आली. पाणी पोचायच्या आधीच दुरुस्ती. मामाजी म्हणतात, “आमच्या नहरात पान्यापेक्षा समित्या जास्त वाहिल्या.” जनमंच या नागपूरच्या संस्थेने २०१२ मध्ये सिंचन घोटाळ्यावर हायकोर्टात जनहित याचिका केली. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र गाजलं, सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं, डिसेंबरात परत घेतलं, आणि २०१९ मध्ये लाचलुचपत विभागाने त्यांच्यावर ठपका नसल्याचं कोर्टाला सांगितलं. राजकारणाचा भाग मी इथेच सोडतो, त्यासाठी यूट्यूबवर शंभर चॅनेल आहेत.

मला जास्त रस आहे तो एका आकड्यात. २०१२ ला बोंब झाली ती राज्याच्या आर्थिक पाहणीवरून: दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र फक्त ०.१ टक्क्याने वाढलं. मग सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि त्यात बराच मोठा आकडा दिला. खोटं कोण बोलत होतं? गंमत अशी की दोघांनाही आपापल्या जागी आधार होता. सरकारी भाषेत ‘निर्माण झालेली सिंचन क्षमता’ वेगळी आणि ‘प्रत्यक्ष सिंचन’ वेगळं. धरण आणि कालवा झाला, इतक्या हेक्टरला पाणी देता येईल, की झाली क्षमता निर्माण. वितरिका नाही, पाटचारी नाही, पाणी बांधीपर्यंत गेलं नाही, तरी रकान्यात टिक. आमच्या भाषेत फीचर डिप्लॉय झालं, डॅशबोर्ड हिरवा, युजर शून्य.

म्हणून १८,४९४ कोटी भागिले अडीच लाख हेक्टर, एकरी जवळपास तीन लाख रुपये, हा माझा हिशेबही थोडा फसवाच आहे. तो कागदावरच्या एकराचा आहे. पाणी खरंच पोचलेल्या एकराचा काढला तर आकडा आणखी वर जाईल.

आता दुसरी बाजू. गोसीखुर्दचं पाणी अजिबात आलं नाही, असं नाही. धरणात पाणी आहे, कालव्यांच्या सुरुवातीच्या भागात ते मिळतं, आणि जिथे मिळतं तिथे उन्हाळी धान होतो. आमच्या तालुक्याच्या काही भागाला तर जुन्या इटियाडोहचं पाणीही आहे. आणि त्याआधीचे मामा तलाव! माझ्या मामाचे नव्हे हो, माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी बांधलेले ते तलाव गावाने बांधले, गावानेच वापरले. पाणी आलं नाही तर कुणाची कॉलर धरायची, ते सगळ्यांना माहीत होतं.

मामाजींचा प्रश्न तिथेच बसतो. अंदाज करणाऱ्या अभियंत्याची बदली होते, मंत्री बदलतो, ठेकेदाराला बिल मिळतं, दिल्लीचे पैसे दिल्लीचेच. उशिराची किंमत मोजतो तो फक्त शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्याची रोवणी पावसावर अडलेली असते. आणि त्या अख्ख्या फाइलीत एक त्याचीच सही कुठे लागत नाही.

तुम्हाला तुमच्या भागाचं बघायचं असेल तर राज्य सरकारच्या साइटवर ‘शासन निर्णय’ उघडा, विभाग ‘जलसंपदा’ निवडा आणि शोधा ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’. फोनवरही उघडतं, थोडा धीर धरा. तक्त्यात ‘अपुऱ्या तरतुदी’च्या पुढचा आकडा बघा आणि स्क्रीनशॉट पाठवा. सगळ्यात मोठा आकडा पुढच्या भागात वाचून दाखवतो. मामाजींनी आत्ताच सांगून ठेवलंय, ते ऐकणार आहेत.