बक प्रायव्हेट्स

बक प्रायव्हेट्स हा १९४१ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल विनोदी संगीतपट आहे. युनिव्हर्सल या संस्थेच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन आर्थर ल्युबिन यांनी केले. बड ॲबट व लू कॉस्टेलो ही विनोदी जोडी या चित्रपटामुळे लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचली. शीर्षकाचा अर्थ ‘सर्वांत खालच्या दर्जाचे साधे शिपाई’ असा होतो.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. देश तेव्हा दुसऱ्या महायुद्धात उतरला नव्हता. शांततेच्या काळातील तेथील ही पहिलीच सक्ती होती. घरोघरचे तरुण छावण्यांत जाऊ लागले असतानाच, जानेवारी १९४१ अखेर, हा चित्रपट आला.

कथानक

रस्त्यावर टाय विकणारे स्लिकर (ॲबट) व हर्बी (कॉस्टेलो) पोलिसाला चुकवण्यासाठी एका चित्रपटगृहात शिरतात. तेथे भरती केंद्र थाटलेले असल्याने दोघे नकळत सैन्यात दाखल होतात. छावणीतील त्यांचा सार्जंट हा तोच पोलीस निघतो. श्रीमंत रँडॉल्फ पार्कर आणि त्याचा नोकर बॉब हेही त्याच छावणीत येतात. गणवेश चढल्यावर मालक-नोकर हा भेद उरत नाही, हे उपकथानकाचे सूत्र आहे. आज्ञा चुकवून रांग विस्कटणाऱ्या हर्बीचा कवायतीचा प्रसंग विशेष गाजला.

संगीत

अँड्र्यूज भगिनींनी गायिलेल्या ‘बूगी वूगी बगल बॉय’ या गीतात सैन्यात भरती झालेल्या एका जॅझ वादकाची कथा आहे. डॉन रे व ह्यूई प्रिन्स यांच्या या गीताला ऑस्करसाठी नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या पॅरिसची आठवण जागवणाऱ्या ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ या गीताला मिळाला.

विनोदाचे स्वरूप

मराठी प्रेक्षकाला गणवेशातील विनोद नवा नाही. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील दादा कोंडके यांचा हवालदार व पुढे त्यांचाच ‘पांडू हवालदार’ (१९७५) ही त्याची परिचित उदाहरणे होत. लोकनाट्यातील थट्टा सत्तेपर्यंत पोहोचते. येथे मात्र हसू नवख्या शिपायाचे होते, सैन्यव्यवस्थेचे नाही. त्यामुळे हा चित्रपट करमणुकीबरोबरच भरतीविषयीची धास्ती कमी करणाराही ठरला.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. युद्धानंतर, १९४७ साली, ‘बक प्रायव्हेट्स कम होम’ या उत्तरभागात हेच दोन शिपाई घरी परततात.