फ्रान्सच्या राजाचे कर्ज

इ. स. १७७७ मधली गोष्ट. पुण्याला नाना फडणविसांकडे एक परदेशी वकील आला. वकील म्हणजे कोर्टातला वकील नव्हे बरं का! एका राजाचा निरोप दुसऱ्या दरबारात नेणाऱ्या माणसाला तेव्हा वकील म्हणत. त्याचे नाव सेंट लुबिन. तो फ्रान्स देशाचा. आपला चांदा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि पुण्यात नाना कारभार पाहत होते. नानांनी पाहुण्याचा मान राखला. ते ऐकून मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा उठला.

फ्रान्सला पुण्याशी काय काम? काम एवढेच, की इंग्रजाला जिथे सापडेल तिथे अडवायचे. दोघांचे वैर जुने. १७६३ साली संपलेल्या युद्धात फ्रान्स हरला. त्याचा कॅनडा गेला, हिंदुस्थानातले बळही मोडले. तो राग मनात होताच.

पुण्यात काही जमले नाही. वकील वर्षभराने परत गेला. पण समुद्रापलीकडे फ्रान्सला संधी मिळाली. अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. १७७६ साली त्यांनी सांगून टाकले, ‘आम्ही आता स्वतंत्र.’ फ्रान्सने त्यांना आधी चोरून बंदुका आणि दारूगोळा दिला. १७७८ साली उघड तह केला. मग फौज धाडली, आरमार धाडले. १७८१ साली यॉर्कटाऊन गावी इंग्रजांची मोठी फौज शरण आली. फ्रान्सची जहाजे आडवी नसती, तर ती समुद्रावाटे निसटली असती.

अमेरिका स्वतंत्र झाली. फ्रान्सला काय मिळाले? कर्ज!

या लढाईपायी शंभर कोटींहून जास्त लिव्हर खर्च झाले. लिव्हर म्हणजे त्यांचे तेव्हाचे नाणे. नेकर नावाचा खजिन्याचा कारभारी कर वाढवीना, कर्जच काढी. १७८१ साली त्याने राज्याचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवला. त्यात शिल्लक दाखवली होती. लढाईचा खर्च त्यात धरलाच नव्हता! सावकाराच्या वहीवर नुसता अंगठा उठवणाऱ्याला ही हातचलाखी चांगली कळेल. पुढे पुढे तर उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग नुसत्या कर्जफेडीत आणि व्याजात जाऊ लागला.

हे पैसे द्यायचे कोणी? सरदार आणि धर्मगुरू बहुतेक करांतून सुटलेले. बोजा शेतकऱ्यावर. मिठावर भारी कर होता. काही भागांत तर ठरावीक मीठ सरकारकडून विकत घ्यावेच लागे, गरज असो की नसो. त्यात १७८८ साली गारपीट झाली, पीक बुडाले, भाकरी महागली.

राजा सोळावा लुई अडचणीत आला. १७८९ साली त्याने देशाची सभा बोलावली. ती १६१४ नंतर भरलीच नव्हती. सभेआधी गावोगाव लोक जमले आणि आपली गाऱ्हाणी वहीत लिहून दिली. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी जाणत्याकडून लिहून घेतली. अशा हजारो वह्या झाल्या. कितीतरी वह्यांत मिठाच्या कराचे रडगाणे आहे. राजाला हवे होते पैसे, लोकांनी मागितला न्याय.

मग गाडी थांबली नाही. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग घेतला. ४ ऑगस्टच्या रात्री सरदारांचे खास हक्क गेले. लाफायेत नावाचा एक सरदार एकोणीस वर्षांचा असताना अमेरिकेत लढायला गेला होता. त्यानेच बास्तीयची किल्ली अमेरिकेच्या वॉशिंग्टनला भेट पाठवली. वॉशिंग्टनच्या घरी ती आजही आहे.

राजाला मात्र जानेवारी १७९३ मध्ये लोकांनी देहदंड दिला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्यानेच पैसा पुरवला होता! मिठाचा कर १७९० मध्ये गेला. नेपोलियन बादशहा झाला, लढायांना पैसे कमी पडले, तेव्हा १८०६ साली त्याने तो पुन्हा बसवला.