चांगुलपणाला फासा कुठला?

समजा, तुम्हाला एक खेळ बनवायचा आहे. त्यात तलवारी आहेत, जादू आहे, गुहेत सोन्याच्या ढिगावर झोपलेला ड्रॅगन आहे. तलवारीचा घाव बसला की हुकला, हे फासा टाकून ठरवता येतं. ड्रॅगनच्या अंगात किती धुगधुगी उरली, हे कागदावर आकड्यात मांडता येतं. पण खेळणारा माणूस सज्जन आहे की दुर्जन? त्यासाठी कुठला फासा टाकाल?

प्रश्न वेडगळ वाटतो ना? पण गेली पन्नास वर्षं काही अफाट डोक्याची माणसं नेमकी याच प्रश्नाला भिडली आहेत. तत्त्वज्ञाला ‘विषय गुंतागुंतीचा आहे’ म्हणून पुढच्या प्रकरणाकडे वळता येतं. खेळ बनवणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याला नियम लिहावाच लागतो, कारण शनिवारी संध्याकाळी चार पोरं टेबलाभोवती बसून तो नियम वापरणार असतात.

गोष्ट सुरू होते 1974 साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या गावात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात येतो: एक खोका, आत तीन पातळ पुस्तिका. प्रत्येक खेळाडूने एक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि बाकीच्यांनी ‘मी दार फोडतो’, ‘मी लपतो’ असं सांगत त्या गोष्टीत जगायचं. जगभरच्या रोलप्लेइंग खेळांचा हा मूळपुरुष.

त्यात प्रत्येक पात्राला एक ‘अलाइनमेंट’ असे, म्हणजे त्याचा नैतिक कल. पर्याय तीन: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. नियम, तटस्थता, अनागोंदी. आणि गंमत बघा, या यादीत ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ नाहीतच! असं का? कारण हे तीन शब्द आले कादंबऱ्यांतून आणि लढाईच्या खेळांतून. पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीत आणि मायकेल मूरकॉकच्या एल्रिकच्या कथांत विश्वाचा झगडा नियम आणि अनागोंदी यांच्यात चालतो. शिवाय गायगॅक्सच्या 1971 सालच्या ‘चेनमेल’ या खेळात छोट्या बाहुल्यांच्या फौजा लढत आणि कोण कुणाच्या बाजूने, हे याच शब्दांनी ठरे. थोडक्यात, अलाइनमेंट आधी सदसद्विवेक नव्हतीच. ती होती फक्त पार्टी. तुम्ही कुठल्या गोटातले, एवढंच तिला ठाऊक.

पण खेळाडू काय गप्प बसतात? नियमाच्या बाजूचा माणूस सज्जनच असतो का, हा वाद लगेच सुरू झाला. मग 1976 साली गायगॅक्सने एका नियतकालिकात लेख लिहून नियम ते अनागोंदी या रेषेला छेदणारी दुसरी रेषा काढली. एका रेषेवर नियम आणि अनागोंदी, दुसरीवर चांगलं आणि वाईट. 1978 सालच्या नव्या नियमपुस्तकात त्याच्या पक्क्या नऊ चौकटी झाल्या, अगदी शाळेत वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळायला आखतो तशा.

इथे जरा थांबा, कारण या दोन रेघांनी केलेलं काम थक्क करणारं आहे. ‘कायद्याने वागणारा’ आणि ‘चांगलं वागणारा’ यांना रोजच्या बोलण्यात आपण एकाच दावणीला बांधतो. तक्त्याने ती दावण कापली. एका कोपऱ्यात बसला ‘लॉफुल इव्हिल’: कागदपत्रं चोख, सही-शिक्का जागच्या जागी आणि त्याच कागदाच्या जोरावर विधवेची जमीन घशात घालणारा. समोरच्या कोपऱ्यात ‘केऑटिक गुड’: श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा रॉबिन हूड. या दोघांत चांगला कोण, हे बारा वर्षांच्या पोरालाही क्षणात कळतं. जे समजवायला भाषणं लागली असती, ते नऊ चौकटींनी करून टाकलं!

आणि एकदा चांगुलपणा चौकटीत बसवला म्हटल्यावर तो वाऱ्या-पावसासारखा खरोखरीचा पदार्थच झाला. ‘डिटेक्ट इव्हिल’ हा मंत्र म्हणा, दुष्टपणाचा वास लागतो. प्रत्येक अलाइनमेंटची स्वतःची गुप्त भाषा. एका कलाची माणसं एकमेकांशी ती बोलणार. कल बदलला तर ती भाषा विसरायची, वर अनुभवाची एक पायरीही गमवायची! सगळ्यांवर कडी म्हणजे एक जादूचं शिरस्त्राण. ते डोक्यावर चढवलं की साधूचा सैतान आणि सैतानाचा साधू. यातली खरी मेख पुढे आहे: ज्याचा स्वभाव असा उलटला, त्याला नवा स्वभावच बरोबर वाटतो. जुन्याकडे परतायची त्याला इच्छाच उरत नाही. मन वळलेल्या माणसाला आपलं मन वळलंय हे कळतं का? केवढा अवघड प्रश्न, आणि तो दडवलाय कुठे, तर लोखंडी टोपात.

मग नियम आणि वास्तव यांची पहिली जोरदार टक्कर झाली. पॅलाडिन नावाचं एक पात्र असतं. हा धर्मयोद्धा लॉफुल गुड असायलाच हवा. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याच्या खास शक्ती गेल्याच. आता गायगॅक्सनेच 1979 च्या सुमारास लिहिलेली ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही तयार मोहीम उघडा. राक्षसांच्या गुहा आहेत, एकेका खोलीत काय आहे त्याची यादी आहे. कोबोल्ड नावाच्या बुटक्या राक्षसांच्या खोलीत पुरुष आहेत, बायका आहेत आणि पोरंही आहेत. पोरं हल्ला करत नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय.

लढाई संपली. पॅलाडिन रक्ताळलेली तलवार घेऊन उभा आहे आणि कोपऱ्यात ती पोरं. नियमपुस्तक सांगतं की ही जमातच दुष्ट. पॅलाडिनने काय करावं? मारलं तर निःशस्त्र मुलांची हत्या. सोडलं तर, पुस्तकाच्या हिशेबाने, उद्याचे दुष्ट मोकळे सोडले. या एका प्रसंगावरून खेळाडूंनी किती रात्री जागवल्या असतील! कारण चौकटीतली भेग इथे दिसली. जन्मतःच दुष्ट असेल, निवडीला वावच नसेल, तर त्याला दुष्ट म्हणायचं कशाच्या आधारावर? हा प्रश्न मुरायला काही दशकं लागली. 2021 साली प्रकाशकांनी, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टने, खेळाडूंना निवडता येणाऱ्या वंशांच्या वर्णनातून ‘यांचा कल साधारण असा’ ही वाक्यं काढून टाकली.

दरम्यान फाशाच्या जागी कॉम्प्युटर आला होता आणि तिथे एकाला एक विलक्षण युक्ती सुचली. 1985 साली रिचर्ड गॅरियटने ‘अल्टिमा’ मालिकेचा चौथा भाग काढला, ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. तोवरच्या अशा खेळांत दुकानं लुटा, गावकरी कापा, शेवटचा खलनायक मारला की तुम्ही हिरो. गॅरियटने खलनायकच काढून टाकला. आता खेळ जिंकायचा तर आठ सद्गुण अंगी बाणवून स्वतः अवतार व्हायचं.

आठच का? इथे तर गणित नाचतं. मूळ तत्त्वं तीन: सत्य, प्रेम, धैर्य. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. धैर्य आणि सत्य मिळून मान. तिन्ही एकत्र आले की अध्यात्म. त्याचा मंत्र कुठला म्हणाल, तर ‘ओम’! आणि तिन्हींपैकी एकही न घेता उरते ती नम्रता. तीन गोष्टी घ्यायच्या किंवा सोडायच्या, तर शक्यता आठच होतात, ना एक कमी ना एक जास्त.

खेळाच्या सुरुवातीला एक जिप्सी बाई तुम्हाला सात प्रश्न विचारते. मालकाने न मोजता थैलीभर सोनं पोचवायला दिलंय, वाटेत भिकारी भेटला. विश्वास राखाल, की कुणाला कळणारही नाही असं एक नाणं त्याला द्याल? दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत! दरवेळी दोन सद्गुण समोरासमोर, एक बाद. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक; म्हणून प्रश्न बरोबर सात. शेवटी उरेल तो तुमचा सर्वांत जवळचा गुण आणि त्यावरून तुमचं पात्र ठरणार. नम्रता जिंकली तर? तुम्ही धनगर होता, सगळ्यांत दुबळं पात्र. नम्र माणसाची वाट सर्वांत खडतर. काय डोकं आहे!

पण खरी कमाल आत आहे. जादूसाठी लसूण, जिनसेंग, कोळ्याचं जाळं असली सामग्री लागते आणि ती विकणारी बाई आंधळी आहे. तुम्ही माल सांगता, ती एकूण किंमत सांगते आणि मग विचारते, किती देताय? आकडा तुम्ही टाइप करायचा. किंमत चाळीस मोहरा असताना एक टाका. ती घेते, माल देते, चकार शब्द काढत नाही. तुम्हाला वाटतं, फुकट पचलं. मात्र आतल्या आत प्रामाणिकपणा, न्याय आणि मान या तिन्हीतून दहा-दहा गुण गेले. सचोटीने पैसे दिले असते तर जमा झाले असते फक्त दोन-दोन. म्हणजे एका लबाडीची भरपाई करायला पाच सरळ व्यवहार!

आणि हे आकडे पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. राजवाड्यातला हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यावर मोघम काहीतरी सांगतो, बस्स. हे लपवणं एवढं मोलाचं का? पुढच्या खेळांनी आकडा उघडा केला तेव्हा काय झालं ते पाहा. ‘फेबल’मध्ये पाप वाढलं की डोक्यावर शिंगं, पुण्य वाढलं की तेजोवलय. ‘फॉलआउट 3’मध्ये अख्खं गाव अणुबॉम्बने उडवा, ‘कर्मा’ धाडकन घसरतो. मग भिकाऱ्याला स्वच्छ पाण्याच्या बाटल्या देत राहा, तो हळूहळू भरून निघतो. खेळाडू तहानलेल्याकडे बघतच नाहीत, बघतात काट्याकडे. दिसणारा चांगुलपणा लगेच व्यापार होतो. आंधळ्या बाईच्या दुकानात मात्र तुम्ही एकटे असता, म्हणून तिथलं वागणं तुमचं असतं.

गॅरियट इथेच थांबला असता तरी पुरे होतं. पण 1988 सालच्या पाचव्या भागात त्याने आपलाच आदर्श उलटा टांगला. राजा बेपत्ता, ब्लॅकथॉर्न नावाचा कारभारी गादीवर. तो सद्गुण मोडत नाही, उलट त्यांचा कायदा करतो. खोटं बोललात तर जीभ छाटणार. निम्मी कमाई दान केली नाहीत तर सगळी जप्त. तेच आठ गुण, त्यातला एकही बदललेला नाही, आणि राज्य मात्र भीतीने गारठलेलं. आता कालचा अवतार सद्गुणांच्या या कायद्याविरुद्धच बंड करतो.

गायगॅक्सने 1976 साली कायदा आणि चांगुलपणा यांच्या रेषा वेगळ्या काढल्या होत्या त्या कागदावर. बारा वर्षांनी गॅरियटने त्या दोन रेषांमधल्या जागेत खेळाडूला प्रत्यक्ष उभं केलं, आणि तिथे काय करायचं याचा नियम लिहायचं मात्र मुद्दाम टाळलं.