भौतिकशास्त्रातील संशोधन : विद्यावेतनाची संधी

जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तेथे पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्या तरुणांना दरमहा विद्यावेतन मिळते, हे मात्र ग्रामीण भागातील अनेक पालकांना ठाऊक नसते. परिणामी हुशार मुले-मुली बी.एस्सी. होताच घरच्या अडचणीपायी शिक्षण सोडतात.

एम.एस्सी.धारकांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवता येते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. दोन वर्षांनंतर प्रगती समाधानकारक असल्यास ४२,००० रुपये मिळतात. ‘जेस्ट’ या संयुक्त परीक्षेतील गुणांवरूनही देशातील अनेक संस्था उमेदवारांना मुलाखतीस बोलावतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्या स्वतंत्र परीक्षेद्वारे बी.एस्सी. झालेल्यांनाही एकात्मिक पीएच.डी.साठी प्रवेश देते.

या परीक्षांत पाठांतरापेक्षा गणित व मूलभूत संकल्पनांची जाण पाहिली जाते. ती शाळेतच रुजावी लागते. म्हणून शिक्षकांनी अशी मुले हेरावीत आणि पंचायत सदस्यांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. केवळ माहितीअभावी गावातील एकही बुद्धिमान विद्यार्थी मागे राहू नये.